दादा, खाली बस

आमच्या अख्ख्या घराण्यात सरकारी खुर्चीवर बसलेलं माणूस एकच, आणि ते म्हणजे माझी धाकटी बहीण. खुर्चीचा एक हात निखळला होता, तो मीच बोल्ट मारून बसवून दिला. पण खुर्ची सरकारी आहे, हे महत्त्वाचं.

मी सातवीपर्यंत शिकलो. पुढे गॅरेजला लागलो, आता गॅरेज माझं स्वतःचं आहे. गिऱ्हाईक म्हणतात, स्कूटर गल्लीच्या तोंडाशी असतानाच मला तिचं दुखणं कळतं. ते म्हणतात, मी नाही म्हणत. पण बहिणीपुढे माझं काय! ती कोर्टात प्रोबेशन ऑफिसर आहे.

प्रोबेशन ऑफिसर म्हणजे काय, हे मी आमच्या गल्लीत इतक्या जणांना सांगितलंय की झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेन. जज माणसाला दोषी ठरवतो. मग उरतं, शिक्षा किती. माणूस पहिल्यांदाच सापडला असेल, तर जजला माहिती हवी असते, हा घरी कसा, कामाला कसा, कुणाच्या सांगण्यावरून यात पडला, परत पडेल का. आता जज काही कुणाच्या घरी जाऊन बसत नाही. जाते माझी बहीण. सगळं बघते, ऐकते आणि मग कोर्टात उभी राहून सांगते. तिच्या सांगण्यावर माणसाची वर्षं कमी होतात, किंवा होत नाहीत. आहे का कुणाची अशी बहीण? असेल तर दाखवा.

घरात आम्ही तिला बारकी म्हणतो. पन्नाशी उलटली, केस पांढरे झाले, तरी बारकीच. लहानपणापासून हिची एक खोड. जे बोलायचं ते तोंडावर. माझं लग्न ठरत होतं तेव्हा ही जेमतेम कॉलेजला होती. सगळी माणसं बसलीत, चहा फिरतोय, आणि ही माझ्या होणाऱ्या सासऱ्यांना म्हणते, "दादाला राग लवकर येतो. उतरतोही लवकर. पण येतो. नंतर म्हणू नका की सांगितलं नाही." मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. आमची ही मात्र अजून म्हणते, "त्या दिवशी तुमच्या घरातलं एवढं एकच माणूस खरं बोललं."

तिचं ऑफिस कोर्टाच्या जिन्याखाली आहे. जिन्याखाली म्हणजे अगदी जिन्याखालीच, छत एका बाजूला उतरत आलेलं. समोरच्या बाकावरून माणूस उठला की हमखास डोकं आपटतं. त्यामुळे तिच्याकडे आलेल्या प्रत्येकाला पहिलं वाक्य ऐकायला मिळतं, "डोकं सांभाळा." मी तिला म्हटलं, बारके, तुझं सगळं खातं या दोन शब्दांत आलं बघ. हसली. हल्ली ती हसते तेही दमल्यासारखी.

दमणारच. गेली काही वर्षं तिच्याकडे येतात ते बहुतेक अमली पदार्थांचे. गोळ्या, पावडर, गांजा, काय काय. आणि येणारे कोण? कुणी ड्रायव्हर, कुणी लॉजमधला वेटर, कुणी नवरा गेलेली बाई. पहिलाच गुन्हा. पोलिसांच्या वहीत आधी नाव नाही. सगळ्यांचं म्हणणं एकच, कुणीतरी दिलं, मी नेलं, आत काय होतं माहीत नाही.

"ज्यानं पुडकं बांधलं तो माझ्याकडे कधी येतच नाही, दादा," ती एकदा म्हणाली. "येतो तो उचलणारा. मी विचारते, उघडून का नाही बघितलं? खाली बघतात. आणि घरी जाऊन बघावं तर सगळी आपल्यासारखीच माणसं. तीच भांडी, तोच कॅलेंडरचा खिळा."

घरी आली की बादलीत कोमट पाणी घेऊन पाय सोडून बसते. नवऱ्याची बदली लांब गावी, मुलगी शिकायला बाहेर, म्हणून राहते आमच्याकडेच. गुडघा धरल्यापासून तिला घरोघरी नेण्या-आणण्याचं काम माझं. ऑफिसची गाडी आहे, पण ती साहेबांना. आमच्या बाईसाहेबांना माझी स्कूटर. अट एकच, स्कूटरवर बोललेलं स्कूटरवरच राहायचं. आता लिहितोय ते तिला विचारून.

आणि तिची कामाची एक पद्धत आहे, ती सांगायलाच हवी. कोर्टात जे सांगणार, ते ती आधी त्या माणसांच्या घरी जाऊन त्यांच्या तोंडावर सांगते. "तुम्ही असं असं म्हणालात. हे मी जजसाहेबांना सांगणार. बरोबर आहे का?" नियमात हे कुठे नाही. साहेब तिला म्हणाले, "बाई, एकदा जाऊन आलात ना, मग परत कशाला पाय झिजवता?" तर म्हणाली, "साहेब, पाठीमागे बोलायला मी शेजारीण नाही." साहेब गप्प!

तर ती अभ्रेवाली.

पस्तिशीची बाई. नवरा कधीचाच सोडून गेलेला, राहायला आईजवळ. उशांचे अभ्रे शिवायची, लॉजना, दवाखान्यांना. गठ्ठा बांधायचा, बसनं शेजारच्या शहरात द्यायचा आणि संध्याकाळी परत. एके दिवशी नाक्यावर बस थांबवली. अभ्र्यांच्या गठ्ठ्यात दुधाच्या पावडरीचा डबा, आणि डब्यात काठोकाठ गोळ्या. खटला चालला, बाई दोषी ठरली. गोळ्यांचं वजन इतकं होतं की कायद्यानं दहा वर्षांच्या खाली येता येत नव्हतं. फक्त एक सवलत होती. गुन्हा पहिलाच असेल, बाईनं नुसती ने-आण केली असेल, आणि ती दुसऱ्या कुणाच्या सांगण्यावरून केली हे जजला पटलं, तर जज दहाच्या खाली येऊ शकत होता.

म्हणजे आधी कुणीतरी सांगायला हवं होतं की कुणाच्या सांगण्यावरून. आणि अभ्रेवाली तोंड उघडत नव्हती.

बारकी तिला तुरुंगात भेटायला गेली तेव्हा मी समोर चहाच्या टपरीवर. बाहेर आली, स्कूटरवर बसली. मी विचारलं, "काय म्हणाली?"

"म्हणाली, जेवण बरं असतं."

"आणि डबा?"

"म्हणाली, डबा माझाच."

"दुधाच्या पावडरीचा? घरात लहान मूल नाही, बाळ नाही, डबा कशाला आणील ती?"

"तू स्कूटर चालव, दादा."

मी चालवली. पुलावर चढलो तेव्हा मागून आवाज आला, "निघताना तिनं विचारलं, माझ्या दादाला भेटलात का? म्हटलं, नाही अजून, जाणार आहे. तर म्हणाली, त्याला फार प्रश्न विचारू नका, त्याला बीपी आहे."

तिचं घर म्हणजे छापखान्यावरच्या दोन खोल्या. खाली मशीन चालू असलं की फरशी थरथरते आणि मांडणीतले पेले आपापसात वाजतात. खिडकीशी शिलाई मशीन, त्यावर अर्धवट शिवलेला अभ्राच झाकण म्हणून घातलेला. आई मशीनच्या स्टुलावर बसलेली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, माणूस दिसतं पण चेहरा दिसत नाही. हातात सुई-दोरा होता. ओवायचा प्रयत्न करायची, जमलं नाही की मांडीवर ठेवायची, पुन्हा उचलायची.

आणि भाऊ. आम्ही येणार म्हणून मुद्दाम आलेला. बसस्टँडवर त्याचा बुकिंगचा स्टॉल, तिकिटं आणि पार्सलं. कडक इस्त्रीचा शर्ट, खिशात दोन फोन. मला बघून म्हणाला, "हे कोण, मॅडम?"

"माझे भाऊ."

"थोरले?"

"थोरले," मी म्हटलं.

"मग आपण एका पार्टीतले!" असं म्हणून त्यानं मला खुर्ची दिली आणि स्वतः पत्र्याच्या ट्रंकेवर बसला. खोटं कशाला बोलू, मला माणूस आवडला. मोकळा. माझ्यासारखाच.

बारकीनं तिचे नेहमीचे प्रश्न सुरू केले. सकाळी आधी कोण उठायचं, घरातलं कोण बघायचं, आजारी पडलं तर कोण न्यायचं. आई एका शब्दात उत्तरं द्यायची. उरलेली वाक्यं भाऊ पुरी करायचा.

"मॅडम, वडील गेले तेव्हा ही फ्रॉकमध्ये होती. मी वाढवली. आजकालच्या बायका बघा, भावाला उलट विचारतात, कशाला, कुठे, किती वाजता. आमच्याकडे नाही. हिला मी हातात काय दिलं, कुठे पोचव म्हटलं, की पोचवलं. आत काय आहे हे जन्मात कधी विचारलं नाही. गाठसुद्धा सोडून बघायची नाही! असं वळण आहे आमच्या घरात."

"पुरे आता," आई म्हणाली.

"तू थांब गं. मॅडमना कळू दे की चांगल्या घरातली आहे."

खालचं छपाईचं मशीन थांबलं होतं बहुतेक, कारण पेले वाजायचे बंद झाले. बारकीनं मघाच्याच आवाजात विचारलं, "हे लहानपणी, की अगदी आतापर्यंत?"

"आतापर्यंत! अहो, पस्तीस वर्षांची झाली तरी गावाला जाताना आधी माझ्या स्टॉलवर येणार, मला विचारणार, मग बसमध्ये चढणार. विचारल्याशिवाय बसमध्ये पाय ठेवला असेल तर नाव बदलीन."

"बरं," बारकी म्हणाली. उठताना आईला म्हणाली, "द्या इकडे." सुई ओवून दिली. आम्ही निघालो.

सिग्नलला थांबलो तेव्हा तिनं विचारलं, "तू त्याच्याशी खिदळत होतास एवढं काय?"

"बरा वाटला माणूस. बहिणीचं कौतुक किती करतो."

"हो," ती म्हणाली. "कौतुकच करत होता."

मी तिला सोडलं, गॅरेजला आलो, एका स्कूटरचं मागचं चाक उघडून बसलो. पाना हातातच राहिला. तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. हातात काय दिलं ते विचारलं नाही. आधी माझ्या स्टॉलवर येणार. गाठसुद्धा सोडायची नाही. अरे, हा माणूस काय बोलून बसला! आणि कुणी विचारलंही नव्हतं!

संध्याकाळी ती बादलीत पाय सोडून बसली होती, तिथेच मी गेलो. "बारके, मिळालं की तुला! उद्याच्या उद्या जजला सांगून टाक. त्याच्या सांगण्यावरून नेलं हे उघड आहे. सुटली बिचारी दहा वर्षांतून."

"आधी त्याला सांगावं लागेल."

"कुणाला?"

"त्यालाच. तू म्हणालास ते मी सांगणार आहे, म्हणून."

"डोकं फिरलंय का तुझं? तो लगेच उलटेल! म्हणेल, मी असं बोललोच नाही. नाहीतर गाव सोडून पळेल."

"उलटला तर उलटला."

"आणि तिची दहा वर्षं?"

ती पायानं बादलीतलं पाणी हलवत राहिली. आमची ही चहा घेऊन आली, तिनं दारातूनच सगळं ऐकलं होतं. म्हणाली, "वन्सं, मी तुमच्या कामात कधी पडत नाही. पण या वेळी नका जाऊ परत. एक वेळ नाही सांगितलं तोंडावर तर काय बिघडतंय? त्या बाईचं आयुष्य आहे."

"वहिनी, बिघडतंय," बारकी म्हणाली. "मी दारात उभी राहते आणि माणसं मला आत घेतात. चहा देतात, सगळं बोलतात. का? पाच घरं सोडून कुणीतरी त्यांना सांगितलेलं असतं, की ही बाई जे सांगते ते आधी आपल्याला सांगते. एकदा पाठीमागे बोलले की पुढच्या घरात कोण खरं बोलेल? आणि मग ती पुढची बाई?"

"पुढचीचं पुढे बघा."

"तेच तर. माझ्याकडे रोज पुढची येते." तिनं कप घेतला, पण प्यायली नाही. "मलाही नाही जायचं, वहिनी. खरंच नाही जायचं. उलटला ना तो, तर मी जन्मभर..." वाक्य तिनं तिथेच सोडलं.

मी तिच्याशी भांडलो. मोठ्यानं भांडलो. आमचा राग तुम्हाला आधीच सांगितलाय. पण दुसऱ्या दिवशी स्कूटर बाहेर काढली. न काढून सांगतो कुणाला?

पुन्हा त्या दोन खोल्या. या वेळी खालचं मशीन जोरात चालू, पेले एकमेकांना लागतायत. भाऊ खुशीत होता, मला म्हणाला, "या शेठ, या!" चहा मागवायला निघाला, बारकीनं बसवलं.

"मी कोर्टात परवा काय सांगणार, ते तुम्हाला आज सांगते," ती म्हणाली. "काही चुकलं तर मधे बोला." आणि सांगायला लागली. अभ्रेवाली आईचं सगळं करायची. शेजारी कुणाशी भांडण नाही. आधीचा गुन्हा नाही. भाऊ मान डोलावत होता. मग ती म्हणाली, "तिचे थोरले भाऊ मला म्हणाले, हिला मी हातात काय दिलं, कुठे पोचव म्हटलं, की पोचवलं. आत काय आहे हे कधी विचारलं नाही. गाठसुद्धा सोडून बघितली नाही. गावाला जाताना आधी माझ्या स्टॉलवर यायची."

पहिल्या दोन वाक्यांना त्याची मान हलत होती. मग हळू झाली. मग थांबली.

"बरोबर आहे का?" बारकीनं विचारलं.

"हे... असं नको, मॅडम. म्हणजे मी बोललो ते वेगळ्या अर्थानं."

"कुठला शब्द चुकला? मी बदलते."

"शब्द नाही हो चुकला." तो हसला आणि माझ्याकडे वळला. "शेठ, तुम्ही तरी सांगा तुमच्या बहिणीला. आपण थोरले भाऊ, तोंडाला येईल ते बोलतो. बहिणीची बढाई मारताना काय भान असतं का?"

त्याचं म्हणणं मला पटत होतं, हीच पंचाईत. मी फरशीकडे बघत बसलो.

"आणि मी म्हटलं, की मी असं बोललोच नाही, तर?"

"तर मी सांगेन, आधी बोलले, नंतर नाही म्हणाले."

"म्हणजे कसंही करून अडकवणार तुम्ही मला."

"तुम्ही बाहेर आहात," बारकी म्हणाली. आवाज चढला नाही तिचा, उलट बसल्यासारखा झाला. "अडकलीय ती."

तो उठला. खिडकीपाशी गेला, परत आला. एक फोन वाजला तो बंद केला, दुसरा वाजला तोही बंद केला. मग आई बोलली.

"सांगा, बाई."

"आई!"

"तो बोललाय. मी इथेच होते. डोळे गेलेत माझे, कान नाही गेले."

"आई, मुलगा आहे मी तुझा."

"ती कुणाची आहे?" म्हातारीनं सुई मशीनवरच्या सुयांच्या गादीला टोचून ठेवली. "परवा तूही ये कोर्टात. इस्त्रीचा शर्ट घालून ये."

घराजवळ आल्यावर मी म्हटलं, "येणार नाही बघ तो. पळाला आत्तापर्यंत." ती म्हणाली, "दादा, जरा सावकाश घे. गुडघा दुखतोय."

मी कोर्टात सहसा आत जात नाही, त्या दिवशी गेलो. एका पायानं डुगडुगणारे बाक, भिंतीला पाठ लावून उभे पोलीस, खोकला झालेले जज. मधूनमधून तोंडात खोकल्याची गोळी टाकायचे आणि कागद शेवटून पहिल्यापर्यंत उलटे चाळायचे. अभ्रेवालीला आणली. तिचा ड्रेस तिनंच शिवलेला असणार, शिलाई सरळ होती. तिनं सगळ्यात आधी बाकांवरून नजर फिरवली. आई पुढे बसली होती. पण ती शोधत होती ते दुसऱ्याला.

तो आला होता. शेवटच्या बाकावर, अगदी दाराला लागून. शर्टाची इस्त्री मोडलेली नव्हती.

बारकीला बोलावलं. लाकडी कठडा धरून उभी राहिली, गुडघ्यामुळे. तुम्हाला वाटेल माझी बहीण वकिलासारखी तडातड बोलते. नाही. ती किराण्याची यादी वाचावी तशी बोलते. सगळं सांगितलं, आणि भावाचं बोलणंही सांगितलं, शब्दाला शब्द.

सरकारी वकील म्हणाले, "साहेब, ही ऐकीव गोष्ट आहे. कुणी घरात बसून काहीही बोलेल."

जजनी चष्मा वर केला. "हे म्हणणारे भाऊ इथे हजर आहेत का?"

दार त्याच्या हाताच्या अंतरावर होतं, उघडंच होतं. पोलीस पुढच्या बाजूला. मी मान वळवून बघत होतो. मनात म्हणत होतो, गेला, आता गेला.

तो उभा राहिला.

आणि तो बोलायच्या आधी आरोपीच्या पिंजऱ्यातून आवाज आला. ओरडून नाही. घरात, स्वयंपाकघरातून सांगावं तसा.

"दादा, खाली बस."

जज म्हणाले, "तुम्ही बोलू नका."

"खाली बस म्हणते ना! काही बोलायचं नाहीये तुला." मग जजकडे वळून, "साहेब, त्याला बीपी आहे."

त्याचं तोंड उघडं राहिलं होतं. मला वाटतं, जन्मात पहिल्यांदा तिनं त्याला काही कर म्हणून सांगितलं असेल. आणि तेही त्यानं ऐकलं नाही. उभाच राहिला.

"मी बोललो होतो, साहेब. मॅडमनी सांगितलं तसंच बोललो होतो."

"आणि त्या दिवशीचा डबा?" सरकारी वकिलांनी विचारलं.

जजनी हात वर केला. "थांबा. तुम्ही इथे काही सांगायला बांधलेले नाही. जे सांगाल ते तुमच्याविरुद्ध जाऊ शकतं. वकील करा आणि मग बोला."

त्यानं ऐकून घेतलं. बहिणीकडे बघितलं. ती मान हलवत होती, नाही, नाही.

"एवढंच सांगतो, साहेब," तो म्हणाला. "तिला आत काय आहे ते माहीत नव्हतं." आणि मग बसला.

अख्ख्या कोर्टाला कळलं. तिला माहीत नव्हतं, हे ज्याला इतकं पक्कं माहीत आहे, तो कोण हे काय वेगळं सांगावं लागतं?

निकाल दुपारच्या जेवणानंतर. जज दहाच्या खाली आले. चार वर्षं. आत काढलेला काळ त्यात धरायचा. कायद्याच्या भाषेत बरंच बोलले, मधे खोकले. मला वाटलं होतं, सुटेल. सुटली नाही. बारकी म्हणाली, माल तिच्या हातात होता, दादा, तेवढं राहतंच. अभ्रेवाली रडली नाही, आनंदलीही नाही. पोलीस तिला न्यायला लागले तेव्हा तिनं एवढंच विचारलं, "आणि दादाचं काय?"

दादाचं काय ते बाहेर व्हरांड्यात दिसलं. साध्या कपड्यातले दोन पोलीस त्याच्या दोन बाजूंना उभे होते. बळजबरी काही नाही, एकानं तर त्याला पाण्याची बाटली दिली. तो मला बघून "शेठ" म्हणाला. आणि बाटली हातात फिरवत राहिला.

आई भिंतीला धरून धरून आली. बारकीला तिनं आवाजावरून ओळखलं असणार. तिचा हात चाचपत धरला. मला वाटलं, आता शिव्या देते, किंवा आभार मानते. दोन्हीला मी तयार होतो.

"बाई," ती म्हणाली, "त्याचाही पहिलाच गुन्हा आहे. त्याच्या वेळी घरी तुम्हीच याल ना?"

बारकीला लगेच उत्तर देता आलं नाही. माझ्या बहिणीला, जी सासऱ्यांच्या तोंडावर बोलते, साहेबांना गप्प करते. ती म्हातारीचा हात धरून उभी राहिली.

"बहुतेक मीच," शेवटी म्हणाली.

"मग बरं," आई म्हणाली. "तुम्ही आधी सांगता तरी."

स्कूटरवर बारकी माझ्या पाठीला डोकं टेकून बसली होती. लहानपणी सायकलवर बसायची तशी. झोपली की रडत होती, मी विचारलं नाही. घरी त्या दिवशी बादली काढली नाही. चपला दारातच सोडून तशीच जाऊन पडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोर्टाच्या फाटकाशी तिला सोडलं. कोर्टातल्या एका शिपायाचा कार्बोरेटर मी दुरुस्त करून ठेवला होता. फडक्यात बांधून नेहमीसारखा तिच्या हातात दिला, म्हटलं, तेवढा देऊन टाक त्याला. आजवर असं किती काय तिच्या हातानं पाठवलं असेल.

तिनं पुडकं घेतलं. दोन पावलं गेली, थांबली. फाटकाच्या कठड्यावर ठेवून गाठ सोडायला लागली. गाठ पक्की होती, नखानं ओढत बसली. फडकं उघडलं, आत बघितलं.

"कार्बोरेटर आहे गं," मी म्हटलं.

"दिसला," ती म्हणाली. पुन्हा बांधलं, पिशवीत टाकलं आणि लंगडत आत गेली.

राग आला का? आला. थोरला भाऊ आहे मी, काय समजते ही मला? गॅरेजला जाईपर्यंत होता. मग उतरला. दुपारी गिऱ्हाईक बसलं होतं, त्याला मी सांगितलं, माझी बहीण प्रोबेशन ऑफिसर आहे, सख्ख्या भावानं दिलेलं पुडकंसुद्धा उघडून बघते. आहे का कुणाची बहीण अशी?

हल्ली तिच्या हातात काही द्यायचं असलं, की गाठ मी सैलच बांधतो.